तंजावूरचा आवाज आणि ध्वनिपातळी : मौखिक इतिहासाच्या साधनाची चिकित्सा

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दफ्तरे डोळ्यांसमोर येतात. तंजावूरला यांतले बरेच काही आहे. १६७० च्या दशकात व्यंकोजी ऊर्फ एकोजी राजांनी तेथे भोसल्यांची सत्ता स्थापली. पुढे दुसऱ्या सरफोजींच्या काळात, १८०३ मध्ये, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा दीर्घ मराठी वृत्तान्त कोरला गेला. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे जपलेली आहेत. १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी यांच्या निधनानंतर कंपनीने राज्य खालसा केले. राज्य गेले तरी भाषा गेली नाही. तमिळ शेजारात वाढलेली ही दक्षिणी मराठी काही घरांत आजही बोलली जाते.

ही बोली मुख्यतः घरातली आहे. तिचा उच्चार, हेल आणि वाक्य तोडण्याची लकब कोणत्याही दफ्तरात सापडत नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या मूळ कक्षेत मद्रास इलाखा नव्हता. म्हणून आज तुम्ही तंजावूरच्या एखाद्या आजींसमोर फोन ठेवून त्यांचे बोलणे टिपता, तेव्हा एक प्राथमिक साधन तयार करत असता. त्या साधनाचा दर्जा बऱ्याच अंशी एका छोट्या गोष्टीवर ठरतो : बाहेरून जोडलेल्या मायक्रोफोनची पातळी.

पातळी कोणाच्या हाती? थोडा पूर्वेतिहास

१९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा यंत्राला पातळीचे बटण नव्हते. गायक कर्ण्यापासून किती अंतरावर उभा राहतो, यावरच पातळी ठरे. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि पातळी तंत्रज्ञाच्या बोटांत आली. १९६३ मध्ये फिलिप्सची कॅसेट आली. पुढे खिशात मावणाऱ्या अनेक टेपरेकॉर्डरांत पातळी यंत्रच आपोआप ठरवू लागले. फोनने तोच वारसा पुढे चालवला आहे. थोडक्यात, हा अधिकार गायकाकडून तंत्रज्ञाकडे आणि तंत्रज्ञाकडून यंत्राकडे गेला. तो परत आपल्याकडे घेणे, हा या पाठाचा विषय आहे.

यंत्र काय करते?

आवाज मोठा झाला की फोन पातळी झटकन खाली आणतो आणि शांतता झाली की ती हळूहळू वर नेतो. याला स्वयंचलित पातळी-नियंत्रण म्हणतात. घरगुती चित्रणासाठी ते सोयीचे आहे. पण समजा, आजी एका जुन्या नातलगाची आठवण सांगताना थांबल्या. त्या चार सेकंदांच्या शांततेत यंत्र पातळी वाढवत जाते, पंख्याची घरघर वर येते, आणि त्या पुन्हा बोलू लागल्या की पहिला शब्द दणकन आदळतो. त्यांचे थांबणे हा पुरावा होता, आणि यंत्राने तो पुसून टाकला.

कीर्तनाच्या बाबतीत हानी आणखी मोठी होते. एकोणिसाव्या शतकात तंजावूरमध्ये मराठी कीर्तनाच्या वळणावर हरिकथेचा घाट घडला. तंजावूर कृष्ण भागवतर यांचे नाव त्यात अग्रभागी येते. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही मराठी वृत्ते तमिळ हरिकथेत रुळली. कथा हळू आवाजात सांगायची आणि पदावर आवाज चढवायचा, हा चढउतार त्या सादरीकरणाचा प्राण आहे. स्वयंचलित नियंत्रण दोन्ही भाग एकाच उंचीचे करून टाकते. पुढचा अभ्यासक ते ऐकून असा निष्कर्ष काढील की कीर्तनकार सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच पट्टीत ओरडत होते.

पातळी कशी राखावी?

१. आधी मायक्रोफोन खरोखर जोडला गेला आहे का, ते पाहा. गोल पिनेच्या फोनला चार संपर्कांची पिन लागते. कॅमेऱ्यासाठी बनवलेल्या मायक्रोफोनला बहुधा तीनच असतात, आणि तेव्हा फोन गुपचूप स्वतःच्याच मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण करत राहतो. मायक्रोफोनच्या जाळीवर नखाने हलके खरवडा. ते स्पष्ट ऐकू आले तर जोडणी ठीक आहे.

२. बटणाआधी अंतर ठरवा. कॉलरचा मायक्रोफोन हनुवटीखाली साधारण एक वीत अंतरावर लावा. अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, खोलीतला घुमारा मात्र तेवढाच राहतो. नंतर पातळी वाढवली तर दोन्ही एकत्र वाढतात.

३. अनेक फोनच्या मूळ कॅमेरा अ‍ॅपमध्ये पातळीचा सरकपट्टा नसतो. अशा वेळी ब्लॅकमॅजिक कॅमेरासारखे पातळी दाखवणारे आणि बदलू देणारे अ‍ॅप वापरा. ओपन कॅमेरामध्ये ध्वनीचा स्रोत निवडता येतो. त्यातला प्रक्रिया न केलेल्या ध्वनीचा पर्याय अँड्रॉइड ७ पासून उपलब्ध झाला, पण प्रत्येक फोन त्याला साथ देतोच असे नाही.

४. चाचणी सर्वांत मोठ्या आवाजाची घ्या. "नाव सांगा" म्हणून घेतलेली चाचणी फसवी असते. कीर्तनकारांना चढ्या सुरातला एखादा चरण म्हणायला सांगा. काटा वजा १२ डेसिबलच्या आसपास राहावा आणि वजा ६ ओलांडू नये. शून्यावर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर खरेपणाने सांधता येत नाही. १६ बिटच्या ध्वनिमुद्रणाची सैद्धांतिक व्याप्ती सुमारे ९६ डेसिबल असते. म्हणून थोडी कमी पातळी चालते, जास्त चालत नाही.

५. बिनतारी मायक्रोफोनला पातळीची दोन ठिकाणे असतात : त्याचा स्वतःचा ग्राहक आणि फोन. पहिल्या ठिकाणी आवाज फाटला तर दुसऱ्या ठिकाणी कमी करून उपयोग नाही. तेव्हा फक्त फाटलेला आवाज हळू ऐकू येईल.

६. मंदिरातल्या ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरमधून थेट तार घेऊ नका. मायक्रोफोनचा संकेत काही मिलिव्होल्टचा असतो, तर मिक्सरमधून निघणारा संकेत एक व्होल्टच्या आसपास असू शकतो. मध्ये पातळी उतरवणारी तार लागते.

७. शक्य असल्यास दुसरा फोन कमी पातळीवर चालू ठेवा.

चिकित्सा

मोडी कागद वाचताना आपण लेखनिक कोण, मूळ की नक्कल, हे विचारतो. शिलालेखाबाबत तो कोणी आणि कशासाठी कोरवला, हे विचारतो. ध्वनिमुद्रणालाही तेच प्रश्न लागू आहेत. म्हणून मूळ फाइल न बदलता जपा, आणि सोबत स्थळ, तारीख, मायक्रोफोनचा प्रकार, अंतर, ठेवलेली पातळी, स्वयंचलित नियंत्रण चालू होते की बंद, याची नोंद करा. बोलणाऱ्याची संमतीही त्याच कागदावर घ्या.

सरफोजींच्या कारागिरांनी दगडावर कोरलेली अक्षरे आज दोनशे वर्षांनंतरही वाचता येतात, पण ती मोठ्याने वाचणाऱ्याचा हेल दगडात उतरला नाही. तो उतरवण्याची सोय आता तुमच्या खिशात आहे, आणि तो बोलणारी पिढी अजून आपल्यात आहे. पुढच्या सुट्टीत जाल तेव्हा मुलाखतीआधीची पाच मिनिटे पातळीसाठी राखून ठेवा.

स्वाध्याय

१. स्वयंचलित पातळी-नियंत्रणामुळे मौखिक साधनातील कोणता पुरावा नष्ट होतो? सोदाहरण लिहा.

२. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीचे पाच मिनिटांचे बोलणे दोनदा टिपा, एकदा स्वयंचलित आणि एकदा हाताने ठेवलेल्या पातळीवर. दोन्हींतील शांततेच्या जागा तपासून तुमची निरीक्षणे नोंदवा.