लक्षात ठेवायचे कोणी?

लिनक्स वापरणाऱ्यांची एक जुनी तक्रार आहे. पडद्याचे रेझोल्यूशन खटपट करून हाताने बसवावे, अक्षरे स्वच्छ दिसू लागावीत, आणि दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला की पुन्हा तीच जाडीभरडी, फुगलेली अक्षरे! काल सांगितलेले सगळे विसरलेले. माझ्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्या डोळ्यांना हे फार जाचते. पण या विसराळूपणामागे इतिहास आहे, आणि तो कळला की उपायही कळतो. म्हणून हा लेखप्रपंच.

१९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये बॉब शायफ्लर आणि जिम गेटिस यांनी 'एक्स' ही खिडक्यांची प्रणाली सुरू केली. तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची. एक्स जिथे आहे तिथे आजही तीच चालते. सुरुवातीला ती महागड्या वर्कस्टेशनवर असे. १९९२ पासून 'एक्सफ्री८६' या गटाने ती साध्या पीसीसाठी तयार केली आणि लिनक्सला चेहरा मिळाला.

पण पीसीच्या जगात मॉनिटर एका कंपनीचा आणि ग्राफिक्स कार्ड दुसऱ्या कंपनीचे. दोघांची ओळख कोणी करून द्यायची? तर वापरणाऱ्याने. त्याने एका फाइलीत 'मोडलाइन' नावाची ओळ लिहायची. 'सीव्हीटी' ही आज्ञा आजही अशी ओळ करून देते. १९२० बाय १०८० साठी त्यातले आकडे असे येतात: १७३.००, मग १९२०, २०४८, २२४८, २५७६, आणि पुढे १०८०, १०८३, १०८८, ११२०.

गणित सोपे आहे. पडद्यावर दिसतात १९२० ठिपके, पण एका ओळीला वेळ दिला आहे २५७६ ठिपक्यांचा. ओळी दिसतात १०८०, मोजल्या आहेत ११२०. हे जास्तीचे कशाला? जुन्या काचेच्या नळीतला किरण ओळ संपवून पुन्हा डाव्या कडेला, आणि तळाशी पोचल्यावर पुन्हा वर जाई. त्या परतीचा हा वेळ. २५७६ गुणिले ११२० म्हणजे २८,८५,१२०. सेकंदाला १७ कोटी ३० लाख ठिपके या वेगाला त्याने भागले की ५९.९६ येतात, म्हणजे सेकंदाला साधारण ६० चित्रे. आजच्या सपाट पडद्यात किरण नाही, तरी त्याच्या परतीची वेळ हिशेबात उरली आहे!

तेव्हा आकडा चुकला तर नुसते चित्र बिघडत नसे. काही मॉनिटर चुकीच्या वारंवारतेने कायमचे निकामी होऊ शकत. माहितीपत्रकांत तसा इशाराच असे. मात्र एकदा लिहिलेले डिस्कवरच्या फाइलीत राही. विसरण्याचा प्रश्नच नव्हता.

१९९४ मध्ये 'वेसा' या संस्थेने ईडीआयडी आणले. मॉनिटरने १२८ बाइटांत आपली ओळख स्वतःच सांगायची: मी कोण, मला काय काय झेपते. पुढे गेटिस आणि कीथ पॅकार्ड यांनी 'रॅन्डआर' हा विस्तार रचला. २००३ च्या एक्सफ्री८६ ४.३ मध्ये तो आला आणि चालू असतानाच पडद्याचा आकार बदलता येऊ लागला. २००४ मध्ये परवान्यावरून वाद होऊन बहुतेक जण 'एक्स डॉट ऑर्ग'कडे गेले. २००७ च्या रॅन्डआर १.२ ने 'एक्सरॅन्डआर' या आज्ञेला नवी मोडलाइन जागच्या जागी जोडण्याची सोय दिली. २००९ मध्ये तर पडदा बसवण्याचे काम थेट कर्नलमध्ये आले. हळूहळू ती जुनी फाइल बहुतेकांना लागेनाशी झाली.

विसराळूपणाचे मूळ इथे आहे. स्मरण माणसाच्या फाइलीतून निघून मॉनिटरच्या चिपमध्ये गेले. एक्सरॅन्डआरने आपण सांगतो ते फक्त चालू सत्राच्या स्मृतीत राहते. सत्र संपले की पुसले जाते. मॉनिटरने दिलेल्या यादीतला पर्याय निवडला तर डेस्कटॉप तो लक्षात ठेवतो. पण जुनी व्हीजीए केबल किंवा मधला स्विच ती ओळख पोचू देत नाही, तेव्हा संगणक सावधपणे १०२४ बाय ७६८ वर थांबतो. त्रास होतो तो जुन्या सामानावर भागवणाऱ्यांना.

उपाय मग एकच, पुन्हा लिहून ठेवणे. एक्स वापरत असाल तर त्या आज्ञा लॉगिनच्या वेळी चालणाऱ्या 'एक्सप्रोफाइल' फाइलीत घालाव्यात. अधिक पक्के म्हणजे 'एक्सऑर्ग डॉट कॉन्फ डॉट डी' या फोल्डरमधल्या छोट्या फाइलीत मोडलाइन लिहावी. मग लॉगिनचा पडदाही नीट दिसतो. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'वेलँड'वर मात्र यातले काही चालत नाही. तिथे बहुधा कर्नललाच सुरू होताना 'व्हिडिओ' या सूचनेने सांगावे लागते.

यंत्राने आपली ओळख आपण सांगावी हे चांगलेच. लाखो लोकांची मोडलाइनच्या आकडेमोडीतून सुटका झाली. पण यंत्र गप्प राहिले किंवा चुकीचे बोलले, तर माणसाचा शब्द नोंदवायला एक जागा शिल्लक हवी. ती अजून आहे, फक्त आता शोधावी लागते.

असो. तुमच्यापैकी कोणी त्या काळी हाताने मोडलाइन लिहिल्या असतील, तर जरूर कळवा.