दाब नळीतला, हवा सिलिंडरातली
टर्बो हवा दाबून कोंबतोच, मग चार व्हॉल्व्ह कशाला? हा प्रश्न मी अनेकदा ऐकतो. उत्तर स्वीडनच्या साब कंपनीच्या इतिहासात सापडतं.

१९७८ च्या साब ९९ टर्बोत २ लिटरचं इंजिन होतं, दर सिलिंडरला २ व्हॉल्व्ह, ताकद १४५ अश्वशक्ती. नॉकिंग टाळायला कॉम्प्रेशन ७.२ इतकं कमी ठेवावं लागलं; त्यामुळे टर्बो जागा होईपर्यंत इंजिन सुस्त.

१९८४ च्या ९०० टर्बो १६ मध्ये त्याच आकाराच्या इंजिनाला दर सिलिंडरला ४ व्हॉल्व्ह मिळाले. स्पार्क प्लग मधोमध बसला, कॉम्प्रेशन ९ झालं, ताकद १७५ वर गेली. यात इंटरकूलरचाही वाटा होता, हे मान्य. तरी माझं मत पक्कं आहे: दाब नळीत कितीही असो, गाडी पळते ती सिलिंडरात शिरलेल्या हवेवर.