फुकट नव्हे, मुक्त!

'फ्री सॉफ्टवेअर' म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो पैसे वाचल्याचा. इंग्रजीत हा एकच शब्द दोन अर्थांनी चालतो, म्हणून घोटाळा होतो. मराठीत आपण सुदैवी. आपल्याकडे 'फुकट' आणि 'मुक्त' असे दोन वेगळे शब्द आहेत आणि ही चळवळ दुसऱ्या शब्दाची आहे. अमेरिकेत ती कशी सुरू झाली आणि एवढे लोक पदरमोड करून तिला साथ का देतात, ते थोडक्यात पाहू.

प्रोग्रॅमरने लिहिलेल्या मूळ मजकुराला सोर्स कोड म्हणतात. आईने लिहून दिलेली गोड्या मसाल्याची कृती हाती असली, तर खोबरे कमी-जास्त करता येते, कृती शेजारणीलाही देता येते. दुकानातून आणलेला मसाला मात्र आहे तसाच वापरावा लागतो. सोर्स कोड म्हणजे ही कृती.

एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत ही कृती एकमेकांना देण्याचा रिवाज होता. रिचर्ड स्टॉलमन तेथे १९७१ साली रुजू झाले. बाहेर मात्र वारे बदलत होते. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी संगणकाच्या शौकिनांना एक खुले पत्र लिहिले. आमचा प्रोग्रॅम पैसे न देता उतरवून घेता, मग असे काम फुकट करणार कोण, असा त्याचा आशय होता. प्रश्न रास्त होता.

१९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीने प्रयोगशाळेला एक लेझर प्रिंटर दिला. त्यात कागद वारंवार अडके. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्टॉलमन यांनी बदल करून, कागद अडकताच संबंधितांना निरोप जाईल अशी सोय केली होती. या नव्या यंत्राचा सोर्स कोड मात्र मिळाला नव्हता. कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका संशोधकाकडे तो होता. त्याने गुप्ततेच्या करारावर सही केल्यामुळे देण्यास नकार दिला. दुरुस्ती करू शकणारा माणूस तयार, पण कराराने हात बांधलेले, ही गोष्ट स्टॉलमन यांच्या मनाला लागली.

२७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. युनिक्ससारखी संपूर्ण प्रणाली नव्याने लिहून सर्वांना खुली करायची, हा संकल्प. आपल्या कामावर संस्थेने हक्क सांगू नये म्हणून जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले. ईमॅक्स या प्रोग्रॅमची टेप ते १५० डॉलरला विकत, म्हणजे पैसे घेण्याला आडकाठी नव्हती. १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला: प्रोग्रॅम वापरा, अभ्यासा, बदला, वाटा, मात्र पुढच्याला देताना हेच हक्क त्यालाही द्या. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि १९९२ मध्ये तो याच परवान्याखाली आणला. ग्नू प्रणालीत नेमकी तीच उणीव होती.

गेट्स यांच्या प्रश्नाचे एक उत्तर २०१९ मध्ये मिळाले. लिनक्सची सेवा देऊन मोठी झालेली रेड हॅट कंपनी आयबीएमने सुमारे ३४ अब्ज डॉलरला घेतली. तरीही अनेक उपयुक्त प्रोग्रॅम आजही बिनपगारी सांभाळले जातात, हेही खरे. कोणी तत्त्वासाठी येतो, कोणी शिकण्यासाठी, कोणी स्वतःची अडचण दूर करण्यासाठी.

आपली अडचण होती मराठीची. १९९० च्या दशकात बहुतेक मराठी फाँटची सांकेतिक रचना निरनिराळी असे. एका संगणकावर टंकलेले पत्र तो फाँट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर गिचमिड दिसे. युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आहे. पण जोडाक्षरे नीट जुळवणारे फाँट आणि प्रोग्रॅमही हवेत, आणि ते करायचे तर कंपनी आधी गिऱ्हाइके मोजणार! मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोणाची वाट पाहावी लागली नाही. रेड हॅटने २००४ मध्ये 'लोहित' फाँट जीपीएलखाली खुले केले. ग्नोम, केडीई, फायरफॉक्स यांचे मेनू स्वयंसेवकांनी मराठीत आणले. २००३ पासूनचा मराठी विकिपीडियाही मुक्त सॉफ्टवेअरवरच चालतो.

तेव्हा ज्यांच्या घरी जुन्या फ्लॉपीवर पत्रे, नाटकांच्या संहिता किंवा गणेशोत्सवाचे कार्यक्रम पडून असतील, त्यांनी ते वाचता येतात तोवर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावेत. लिब्रेऑफिस हा मुक्त प्रोग्रॅम त्यासाठी वापरता येतो. मुलांना मदतीला घ्या. मसाल्याची कृती जशी वहीत उतरवून ठेवतो, तसेच हे.