ज्यूरीपुढील 21 तास: टिळकांचा 1908 चा बचाव

यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे लोकनायक बापूजी अणे हे व्यवसायाने वकील आणि निष्ठेने टिळकपंथी. त्यांनी टिळकांवर संस्कृतात ‘तिलकयशोर्णव’ हे महाकाव्य रचले. अणे यांच्यासारख्या वकिलांच्या पिढीला टिळकांची जी प्रतिमा भारून टाकत होती, तिचा मोठा भाग मुंबई उच्च न्यायालयातील आरोपीच्या पिंजऱ्यात घडला होता. या धाग्यात त्या भाषणाविषयी.

मुझफ्फरपूरचा बॉम्बस्फोट 30 एप्रिल 1908 चा; त्यात दोन इंग्रज स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. त्यावरील ‘केसरी’तील लेखांसाठी टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. न्यायासनावर होते दिनशा दावर, म्हणजे 1897 च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर! सरकारने विशेष ज्यूरी मागितली. तीत युरोपियनांचेच प्राबल्य राहील आणि मूळ मराठी लेख त्यांना वाचता येणार नाहीत, हा बॅ. जोसेफ बॅप्टिस्टा यांचा आक्षेप फेटाळला गेला. अखेर 9 जणांत 7 युरोपियन आणि 2 पारशी आले.

टिळक एलएल.बी. होते, त्यांनी स्वतःच बचाव मांडला. 15 जुलैच्या दुपारी सुरू झालेले भाषण 22 जुलैला संपले. एकूण 21 तासांहून अधिक!

समोरच्या सात जणांच्या मनात बॉम्बची भीती आहे, हे टिळक जाणून होते. म्हणून त्यांनी दयेची याचना केली नाही, ज्यूरीला तिच्या अधिकाराची आठवण दिली. शब्द जहाल आहेत की मवाळ हा प्रश्न गौण. लेखकाचा हेतू काय, हे ठरवणे ज्यूरीचे काम. त्यासाठी त्यांनी इंग्रजांच्याच इतिहासातील दाखले दिले. मुद्रणस्वातंत्र्य तेथेही ज्यूरीनेच राखले होते. ज्यूरर इंग्रज असतील, तर त्यांच्या इंग्रजपणाच्या अभिमानालाच हाक घालावी, असा हा डाव होता.

दुसरा मुद्दा भाषेचा. ज्यूरीपुढे होते ते सरकारी भाषांतर. टिळकांनी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली आणि मराठी शब्दांना मुळापेक्षा कडक इंग्रजी प्रतिशब्द दिल्याचे दाखवण्याचा प्रयत्न केला. तिसरा मुद्दा वादाचा: अँग्लो-इंडियन पत्रे दडपशाहीची मागणी करीत होती, ‘केसरी’ने त्यांना उत्तर दिले. पुराव्यादाखल त्यांनी वृत्तपत्रांची कात्रणे सादर केली.

हीच कात्रणे महागात पडली. बचाव पक्षाने पुरावा दिला की अखेरचा शब्द सरकारी वकिलाचा, असा नियम होता. त्यामुळे टिळकांनंतर ब्रॅन्सन बोलले, मग न्यायमूर्तींनी ज्यूरीला विवेचन ऐकवले. त्या रात्री ज्यूरी निर्णयासाठी आत गेली तेव्हा तिच्या कानात टिळकांचा आवाज ताजा नव्हता.

शिवाय लांबीचा प्रश्न उरतोच. घाबरलेल्या माणसाला सहा दिवस कायदा समजावल्याने त्याची भीती ओसरते का? की हे भाषण मुळात त्या नऊ जणांसाठी नव्हतेच? दुसरी शक्यता अधिक पटते. पण मग भाषांतरातील एकेका शब्दावर इतका वेळ घालवलेला माणूस खटला जिंकण्याची आशा पूर्ण सोडून बसला होता, असेही म्हणवत नाही.

निकाल 7 विरुद्ध 2 असा लागला. 1897 मध्ये तो 6 विरुद्ध 3 होता, आणि तेव्हाही फूट युरोपियन व भारतीय अशीच पडली होती. दावरांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली; मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. निकालानंतर टिळकांनी जे मोजके उद्गार काढले, ते आज उच्च न्यायालयात त्याच दालनाबाहेर संगमरवरावर कोरलेले आहेत. 21 तासांच्या भाषणातले एकही वाक्य त्या पाटीवर नाही.