चार वर्षांची मुदत

शुक्रवारी संध्याकाळी गाईड मॅडमचा मेसेज आला. "मुदतवाढीचा अर्ज सोमवारपर्यंत दे, नाहीतर नोंदणी रद्द होईल." मी तेव्हा हापिसात रिलीजच्या धबडग्यात होतो. 'हो मॅडम' एवढंच टाकलं आणि पुन्हा बग शोधायला लागलो.

पार्टटाईम एम.ई.ला नाव घातलं तेव्हा वाटलं होतं, नोकरी सांभाळून आरामात होईल. विषय सगळे निघाले. राहिला तो प्रबंध. पाच प्रकरणांपैकी दीड लिहून झालंय आणि त्यातलं एक म्हणजे प्रस्तावना! मुदत एकदा वाढवून घेतली होती, तीही संपत आली. शिवाय गाईडची सही, साहित्यचोरी तपासल्याचा अहवाल, छापून आलेला एक पेपर, नो ड्यूज, काळ्या रेक्झिनच्या बांधणीतल्या चार प्रती... आमच्या रिलीजची चेकलिस्टसुद्धा याहून छोटी असते. सोडून द्यावं असं मनात जवळजवळ ठरलंच होतं.

शनिवारी सकाळी अर्ज लिहायला बसलो आणि अर्थातच दुसरंच काहीतरी वाचत बसलो. (कामाचं सोडून बाकी सगळं वाचायला माझ्याकडे नेहमीच वेळ असतो.) वाचत होतो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाबद्दल. त्यांच्या पदव्यांची यादी आपण शाळेपासून ऐकतो. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. सगळं कसं एका दमात. पण यादीत पदव्या दिसतात, दोन पदव्यांच्या मधली वर्षं दिसत नाहीत. मी त्या वर्षांत अडकलो.

तर झालं असं. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची. १९१५ मध्ये एम.ए. झालं, पुढचं काम सुरू झालं आणि १९१६ मध्ये ते लंडनला पोचले. त्या ऑक्टोबरात एकीकडे ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि दुसरीकडे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी नाव नोंदवलं. बाहेर पहिलं महायुद्ध चालू होतं.

आणि १९१७ च्या उन्हाळ्यात शिष्यवृत्ती संपली. शिक्षण अर्धवट, करारानुसार बडोदा संस्थानात नोकरी करणं बंधनकारक. वय २६. परत यावंच लागणार होतं.

निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नाव काढून घेतलं नाही. प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीवर लंडन विद्यापीठाकडून परवानगी मिळवली : ऑक्टोबर १९१७ पासून जास्तीत जास्त चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल. म्हणजे शेवटची तारीख ऑक्टोबर १९२१.

आता या चार वर्षांत काय काय झालं ते बघा. त्यांची पुस्तकं वेगळ्या बोटीनं येत होती. ती बोट जर्मन पाणबुडीनं बुडवली. बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तर राहायला कुणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत ओळख लपवून राहिले. ते 'अस्पृश्य' आहेत हे कळल्यावर लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि खोली सोडावी लागली. अमेरिकेत शिकून आलेला माणूस काही दिवसांतच बडोदा सोडून मुंबईला परतला. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. विद्यार्थी खूश, पण तिथेही काही सहकारी प्राध्यापकांनी पाण्याच्या माठावरून हरकत घेतली.

घड्याळ चालूच होतं. त्या घड्याळाला धर्मशाळा आणि माठ दिसत नाहीत, त्याला फक्त तारीख कळते.

या काळात त्यांनी अर्थशास्त्र सोडलं नाही. १९१८ मध्ये शेतजमिनींच्या तुकड्यांवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. १९१९ मध्ये मताधिकाराविषयीच्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. जानेवारी १९२० मध्ये 'मूकनायक' सुरू केलं. आणि मार्च १९२० मध्ये कॉलेज सोडलं. पगारातून साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचं कर्ज, एवढ्यावर जुलैमध्ये पुन्हा लंडन गाठलं. मुदतीतलं जेमतेम सव्वा वर्ष उरलं होतं.

प्रबंधाचा विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानातल्या साम्राज्याच्या तिजोरीचं प्रांतांकडे विकेंद्रीकरण. ऐकायला रुक्ष, पण गोष्ट मजेदार आहे. १८३३ च्या चार्टर कायद्यानं पैशाच्या सगळ्या किल्ल्या कलकत्त्याला गेल्या. मुंबई किंवा मद्रासला साधं नवं पद काढायचं तरी वरून मंजुरी. वाचवलेला पैसा आपल्याकडे राहणार नाही म्हटल्यावर प्रांत कशाला काटकसर करतील? जो जास्त ओरडेल त्याला जास्त मिळे. शेवटी लॉर्ड मेयोच्या काळात, १८७०-७१ मध्ये, पोलीस, तुरुंग, शिक्षण अशी काही खाती ठरावीक रकमेसह प्रांतांकडे सोपवली गेली. दुसऱ्याच्या मंजुरीवर चालणाऱ्या तिजोरीचा हा अभ्यास ज्यानं केला, त्याचं स्वतःचं शिक्षण एका शिष्यवृत्तीच्या तारखेवर थांबलं होतं. हा माझा आगाऊपणा असेल, पण वाचताना ते डोक्यातून जाईना.

आणि मग तो प्रसंग. एप्रिल १९२१ मध्ये, सगळं मार्गी लागलेलं असताना, उन्हाळी परीक्षेचा फॉर्म वेळेत भरायचा राहिला! हो, बाबासाहेबांचा. कॉलेजच्या सचिव मिसेस मेअर यांनी लंडन विद्यापीठाच्या रजिस्ट्रारला पत्र लिहून उशिरा फॉर्म देण्याची परवानगी मागितली. जून १९२१ मध्ये एम.एस्सी. मिळाली. चार वर्षांची मुदत संपायला चार महिने बाकी होते.

पुढचीही गोष्ट सरळ नाही. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध दिला, तो परीक्षकांना आहे तसा मान्य झाला नाही. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले. इथे बसून दुरुस्त्या केल्या, ऑगस्टमध्ये प्रबंध पुन्हा गेला आणि नोव्हेंबरमध्ये मान्य झाला. कोलंबियाचं तर आणखी वेगळं. तिथला प्रबंध १९१७ मध्येच मान्य झाला होता, पण पदवीसाठी तो छापून प्रती जमा करायची अट होती. सुधारून, वाढवून तो १९२५ मध्ये पुस्तकरूपानं निघाला आणि पीएच.डी. हातात पडली १९२७ मध्ये. दहा वर्षं! माझ्या काळ्या रेक्झिनच्या चार प्रतींची मला लाज वाटली.

आता इथे 'बघा, ते करू शकले तर आपण का नाही' असं म्हणायचा मोह होतो. मी म्हणणार नाही. ती तुलनाच खोटी आहे. त्यांना उशीर झाला तो पैसा, युद्ध आणि जात यांच्यामुळे. मला उशीर झाला तो क्रिकेट, झोप आणि 'पुढच्या वीकेंडला नक्की' यांच्यामुळे. रिलीज वगैरे सांगायची कारणं.

पण एक गोष्ट मात्र मी उचलली. मुदतवाढ मागणं म्हणजे हरल्याची कबुली, असं मला वाटत आलं होतं. म्हणून मी मेसेज टाळत होतो. १९१७ मध्ये सव्वीस वर्षांच्या त्या विद्यार्थ्यानं रिकाम्या खिशानं निघताना ती आधी मागून घेतली. कॅनन सरांनी शब्द टाकला, पुढे मिसेस मेअरबाईंनी पत्र लिहिलं. नियम कुणी मोडला नाही. नियमात माणसासाठी जी फट असते, ती वेळेवर मागणाऱ्यालाच उघडून देता येते. न मागणाऱ्यासाठी कितीही चांगला गाईड काही करू शकत नाही. आणि मिळालेल्या चार वर्षांतलं पावणेतीन वर्षं परिस्थितीनं खाल्ल्यावर, उरलेल्या वेळाचं काय केलं तेही आपल्यासमोर आहे.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, ते ठीक आहे. तू फॉर्म भरलास का?"

नव्हता भरला. मग बसलो. अर्जात 'विलंबाचे कारण' या रकान्यात सवयीनं 'कार्यालयीन कामाचा ताण' लिहिलं होतं, ते खोडलं. लिहिलं, 'प्रकरण २ अर्धवट, ३ ते ५ अपूर्ण. लेखन नियमित झाले नाही.' खाली प्रत्येक प्रकरणासमोर एकेक तारीख टाकली. रविवारी दुपारी मॅडमना पाठवला. उत्तर आलं : "कारण पहिल्यांदाच खरं लिहिलंयस. उद्या सही करते. प्रकरण २ कधी?"

असो. बरंच लांबलं. प्रकरण दोनची तारीख येता शनिवार आहे, तेव्हा पुढच्या आठवड्यात इथे काही नवीन दिसलं नाही तर समजून घ्या. आणि दिसलंच, तर मला झापा.