ओनायडा लोक

ओनायडा हे उत्तर अमेरिकेतील एक मूलनिवासी राष्ट्र आहे. मोहॉक, ओनोंडागा, कायुगा आणि सेनेका यांच्यासह ते हौडेनोसौनी, म्हणजेच इरोक्वाय, महासंघाच्या पाच संस्थापक राष्ट्रांपैकी एक होय. अठराव्या शतकात टस्करोरा लोक सामील झाल्यावर हा महासंघ 'सहा राष्ट्रे' म्हणून ओळखला जाऊ लागला. आज ओनायडा लोक प्रामुख्याने अमेरिकेतील न्यू यॉर्क व विस्कॉन्सिन आणि कॅनडातील ऑन्टॅरियो येथे राहतात. त्यांच्या स्वभाषेतील नावाचा अर्थ 'उभ्या शिळेचे लोक' असा होतो.

मूळ प्रदेश व समाजरचना

ओनायडांची पारंपरिक भूमी आजच्या न्यू यॉर्क राज्याच्या मध्यभागी, ओनायडा सरोवराच्या परिसरात होती. तिचे क्षेत्रफळ सुमारे ६० लाख एकर मानले जाते. तिच्या पूर्वेस मोहॉक, तर पश्चिमेस ओनोंडागा लोकांचा प्रदेश होता. मका, घेवडा व भोपळा ही त्यांची मुख्य पिके होती. एकाच कुळातील अनेक कुटुंबे लाकूड व झाडांच्या सालींपासून बांधलेल्या लांबट घरांत एकत्र राहत.

समाज मातृवंशीय असून त्यात लांडगा, कासव व अस्वल अशी तीन कुळे आहेत. महासंघाच्या महासभेत ओनायडांचे नऊ प्रमुख असत आणि त्यांची निवड कुळातील ज्येष्ठ स्त्रिया करीत.

अमेरिकन क्रांती

क्रांतियुद्धात महासंघात फूट पडली. इतर राष्ट्रांतील बहुसंख्य लोक ब्रिटिशांकडे गेले, तर बहुतेक ओनायडा व टस्करोरा वसाहतवाद्यांच्या बाजूने लढले. ओनायडांमध्ये कार्य करणारे मिशनरी सॅम्युअल कर्कलंड यांचा प्रभाव हे त्यामागील एक कारण होते. इ.स. १७७७ मधील ओरिस्कनीच्या लढाईत ओनायडा योद्ध्यांनी भाग घेतला. १७८० मध्ये ब्रिटिशांच्या बाजूच्या सैन्याने त्यांचे मुख्य गाव कानोन्वालोहाले जाळले.

भूमीचा ऱ्हास

१७८४ च्या फोर्ट स्टॅनविक्स तहात ओनायडांना त्यांच्या भूमीवरील ताब्याची हमी देण्यात आली. तरीही १७८८ मध्ये न्यू यॉर्क राज्याने त्यांच्याकडून बहुतांश प्रदेश मिळवला व त्यांच्याकडे सुमारे ३ लाख एकर जमीन उरली. १७९४ च्या कॅनंडेग्वा तहाने या उर्वरित भूमीला मान्यता दिली. मूलनिवासींची जमीन संघराज्याच्या संमतीविना विकत घेण्यास १७९० पासून कायद्याने मनाई होती. तथापि १७९५ मध्ये न्यू यॉर्कने अशा संमतीशिवाय सुमारे १ लाख एकर जमीन घेतली. पुढेही असे व्यवहार होत राहिले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ओनायडांकडे तेथे केवळ ३२ एकर जमीन शिल्लक राहिली.

स्थलांतर

१८२० च्या दशकात अनेक ओनायडा विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे शहराजवळ गेले. १८३८ च्या तहानुसार तेथे सुमारे ६५,४०० एकरांचे राखीव क्षेत्र निश्चित झाले. १८८७ च्या डॉज कायद्यानुसार सामूहिक जमिनीची व्यक्तिगत वाटणी झाली आणि त्यानंतर यातील बहुतेक जमीन विक्री व करथकबाकीमुळे त्यांच्या हातून गेली. दुसऱ्या एका गटाने १८४० पासून ऑन्टॅरियोतील लंडन शहराजवळ, थेम्स नदीकाठी, स्वतः जमीन विकत घेऊन वसाहत स्थापन केली.

न्यायालयीन लढा

१७९५ च्या व्यवहाराविरुद्ध ओनायडांनी १९७० मध्ये दावा दाखल केला. ओनायडा व मॅडिसन या काउंटींकडे त्यांनी केवळ १९६८ व १९६९ या दोन वर्षांचे भाडे मागितले होते. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा दावा संघीय न्यायालयात चालू शकतो असे ठरवले, तर १९८५ मध्ये पावणेदोनशे वर्षे उलटूनही तो ग्राह्य असल्याचा निर्णय दिला. मात्र २००५ च्या शेरिल खटल्यात, खुल्या बाजारात परत विकत घेतलेल्या जमिनीवर सार्वभौमत्व आपोआप पुनःस्थापित होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. २०१३ मध्ये न्यू यॉर्क राज्य, दोन्ही काउंटी आणि तेथील ओनायडा राष्ट्र यांच्यात जमीन व करविषयक समझोता झाला.

भाषा

ओनायडा ही इरोक्वियन कुळातील भाषा असून मोहॉक भाषेच्या निकटची आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस विस्कॉन्सिनमध्ये एका सरकारी प्रकल्पांतर्गत ओनायडा लोकांनीच आपल्या ज्येष्ठांच्या कथा व आठवणी या भाषेत लिहून घेतल्या. आज तिचे जन्मभाषक अत्यल्प उरले असून विस्कॉन्सिन, न्यू यॉर्क व ऑन्टॅरियो येथे तिच्या अध्यापनाचे उपक्रम चालतात.