वाऱ्याच्या नावावर जमा झालेले श्रेय : तेलताड आणि त्याचा सोंडकिडा

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ११,०४० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय खाद्यतेल-तेलताड अभियानास मान्यता दिली. त्यानंतर चर्चा झाली ती आयातीच्या खर्चाची, लागवडीच्या क्षेत्राची आणि ईशान्येतील जंगलांची. ज्या चार मिलिमीटरांच्या किड्यावाचून या झाडाला धड फळ धरत नाही, त्याचे नाव मात्र क्वचितच कोणी घेतले. हे दुर्लक्ष नवे नाही.

पामतेल देणारा तेलताड मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. १८४८ मध्ये त्याची चार रोपे जावा बेटावरील बोगोरच्या उद्यानात लावण्यात आली आणि आग्नेय आशियातील पुढच्या मळ्यांचा वंश बहुतांशी त्यांच्यापासून वाढला. झाड समुद्र ओलांडून आले. त्याचे सोबती मागेच राहिले.

या झाडावर नर आणि मादी फुलोरे स्वतंत्र येतात आणि तेही वेगवेगळ्या वेळी. त्यामुळे पराग सहसा दुसऱ्या झाडावरून यावा लागतो. पराग विपुल आणि हलके असल्याने परागीभवन वाऱ्यानेच होते, असे ग्रंथांतून लिहिले गेले. तर्क अगदीच चुकीचा नव्हता, पण मलेशियातील मळ्यांत घड अर्धवट भरत. तेव्हा वाऱ्याच्या मदतीला माणसे आली. झाडामागून झाड हिंडून फुलोऱ्यांवर परागाची भुकटी फवारण्यासाठी मजुरांची पथके राबू लागली. इतक्या खर्चानंतरही वाऱ्यावर कोणी शंका घेतली नाही, हे नवलच म्हणायचे.

शंका आली ती लेस्ली डेव्हिडसन यांना. युनिलिव्हरच्या मळ्यांवर मलाया आणि कॅमेरून अशा दोन्ही देशांत त्यांनी काम केले होते. कॅमेरूनमध्ये कोणी हाताने पराग फवारत नसे, तरी घड दाण्यांनी गच्च भरत. आणि फुलोऱ्यांवर किड्यांची झुंबड असे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात हा प्रश्न पाकिस्तानी कीटकशास्त्रज्ञ रहमान सय्यद यांच्याकडे सोपवण्यात आला. त्यांनी काही फुलोऱ्यांवर वारा जाईल पण कीटक जाणार नाहीत अशी आवरणे घातली. झाकलेल्या फुलोऱ्यांत फळधारणा घटली. १९७९ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि वाऱ्याचे श्रेय मुख्यतः एलाइडोबियस कॅमेरुनिकस या सोंडकिड्याकडे गेले.

त्या दोघांतला व्यवहार मोठा मजेदार आहे. नरफुलोऱ्याला बडीशेपेसारखा वास सुटतो. त्यावर किडे जमतात, तिथेच खातात आणि तिथेच अंडी घालतात. मादीफुलोराही उमलताना तसाच वास सोडतो. किडा फसून तिकडे जातो, तिथे त्याला खायला काहीच मिळत नाही, पण अंगावरचा पराग तेवढा ठेवून तो परततो. नर खाऊ घालतो आणि मादी फसवते. या दोहोंच्या मेळावर सारी फळधारणा चालते.

सोंडकिडा मुद्दाम आणायचा, या कल्पनेने मलेशियातील अधिकारी बिचकले नसते तरच आश्चर्य. कोकणातला नारळ बागायतदार लाल सोंड्याचे नाव ऐकून का दचकतो, हे आठवले की त्यांची भीती समजते. म्हणून इतर अनेक पिकांवर सोडून किड्याची परीक्षा झाली. तेलताडावाचून तो जगत नाही हे पटल्यावरच फेब्रुवारी १९८१ मध्ये जोहोर राज्यात तो मोकळा सोडण्यात आला. थोड्याच काळात तो द्वीपकल्पभर पसरला आणि फवारणीची पथके अनावश्यक ठरली.

१९८५ मध्ये हा किडा केरळमध्ये आला. तोवर तिथल्या मळ्यांतही घड अर्धवट भरत असत. किडा स्थिरावल्यावर फळधारणा आणि घडांचे वजन दोन्ही वाढले. मात्र डोंगररांगांपलीकडच्या नव्या मळ्यांत तो आपण होऊन पोहोचेल याची खात्री नसते. तिथे जुन्या मळ्यातील किडे बसलेल्या नरफुलोऱ्यांच्या काड्या कापून न्याव्या लागतात. नव्या झाडांवर नरफुले पुरेशी नसतील, तर आणलेला किडा उपाशी मरतो; कारण त्याला दुसरे घर नाही. शिवाय मळा स्वच्छ दिसावा म्हणून सुकून तपकिरी पडलेले नरफुलोरे छाटून जाळण्याचा मोह होतो, आणि किड्याच्या पुढच्या पिढीच्या अळ्या त्याच सुकलेल्या फुलोऱ्यांत वाढत असतात.